संदर्भ हवा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आंबोलीतून तीन रस्ते फुटतात. एक घाट उतरून सावंतवाडीला आणि बांद्यावरून पुढे गोव्यात. दुसरा चंदगड तालुक्यातून बेळगावला. तिसरा आजऱ्यावरून गडहिंग्लजला. मराठी विकिपीडियाचा २००३ पासूनचा प्रवास मांडायला बसलं की शब्दांवरून झालेले मोठे तंटे याच तीन रस्त्यांवर एकेक करून भेटतात. गोव्याच्या वाटेवर ‘मुक्ती’ म्हणायचं की ‘सामीलीकरण’, आणि मालवणी ही नेमकी कुणाची बोली. बेळगावच्या वाटेवर ‘बेळगाव’ की ‘बेळगावी’. आजऱ्याच्या वाटेवर तर शिवाजी सावंतांचं गावच लागतं. त्यांच्या ‘छावा’ कादंबरीवरचा चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत आला, आणि त्याच महिन्यात विकिपीडियाच्या संपादकांवर महाराष्ट्रात गुन्हा दाखल झाला. खुद्द आंबोलीचे तंटे त्या मानानं बारीक. पण शब्द कसा तोलायचा हे शिकायचं तर तेच जास्त उपयोगी, म्हणून त्यांच्याकडे सावकाश येऊ.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. (सिंधुदुर्ग जिल्हाही १ मेचाच, १९८१ चा. महाराष्ट्रात काहीही सुरू करायचं तर ही तारीख हमखास.) इंग्रजी विकिपीडिया त्याच्या दोन वर्षं आधी, १५ जानेवारी २००१ ला, जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी सुरू केला होता. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्यानं लिहिलेलं खोडावं, हे त्याचं वेगळेपण. असं असूनही त्याचा बाजार होऊ नये म्हणून अगदी पहिल्या दिवसांतच एक नियम घातला गेला, तो तटस्थ दृष्टिकोनाचा. लिहिणाऱ्यानं स्वतः निकाल द्यायचा नाही. कोण काय म्हणतं ते सांगायचं, ज्याच्या म्हणण्याला जाणकारांत जेवढं वजन तेवढी त्याला जागा द्यायची, आणि वाद होऊ शकेल अशा प्रत्येक वाक्याच्या मागे प्रसिद्ध झालेला, तपासता येणारा आधार ठेवायचा. आधार नसेल तर वाक्याच्या शेवटी कुणीतरी येऊन ‘संदर्भ हवा’ अशी खूण मारून जातो.

मराठीला कोशांची परंपरा काही नवी नव्हती. श्री. व्यं. केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, आणि ते करताना स्वतःची मतं लपवण्याचा त्यांनी कधी आव आणला नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली वाईत मराठी विश्वकोश उभा राहिला. पहिला खंड १९७६ चा. तिथे नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, आणि कुठला शब्द ठेवायचा याची काथ्याकूट संपादकांच्या खोलीत होते. वाचकाच्या हाती येतो तो मिटलेला वाद. विकिपीडियानं हे उलटं केलं. प्रत्येक लेखाच्या मागे एक चर्चा पान आणि एक इतिहास. कुणी कधी कुठला शब्द काढला, कुणी तो परत घातला, तिसऱ्यानं कुणाला काय सुनावलं, सगळं तसंच्या तसं राहतं. लेख वाचणारे लाखो, चर्चा पान उघडणारे मूठभर. पण उघडणाऱ्याला मराठी समाज शब्दांवरून कसा भांडतो याचं दफ्तरच सापडतं.

पहिली काही वर्षं भांडायलाही माणसं नव्हती. संगणकावर देवनागरी उमटवणं हाच पराक्रम होता. फॉन्ट जुळत नसत, जोडाक्षरं फुटत, र्‍हस्व-दीर्घ हाताला येत नसे. तेव्हाचे तंटे भाषेचे होते, राजकारणाचे नव्हते. पोलंडच्या राजधानीला वॉर्सा म्हणायचं की तिथले लोक म्हणतात तसं वर्शावा? जर्मनीतलं शहर कोलोन की क्योल्न? एक पक्ष म्हणे, मराठी माणसाला इंग्रजांच्या नाकातून उच्चार कशाला? दुसरा म्हणे, वाचकाला ओळखीचं नाव दिसलं नाही तर तो लेखापर्यंत पोचणार कसा? दोन्ही बाजू बरोबर होत्या, आणि पुनर्निर्देशनाची सोय असल्यानं वाद जिवावर बेतण्यासारखाही नव्हता. तरी त्यावर माणसं रात्री जागली. बाहेरच्या जगात याहून चमत्कारिक भांडणं झाली आहेत. इंग्रजी विकिपीडियावर दह्याच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर ठेवावं की नाही यावर वर्षानुवर्षं कीस पाडला गेला. गंगेच्या लेखाचं शीर्षक तिचं भारतीय नाव असावं की इंग्रजांनी दिलेलं, हा वाद तर अजून उकरून निघतो.

मराठीत मात्र एक पेच असा आहे जो इंग्रजीत नाही. इंग्रजीत माणसाविषयी लिहिताना क्रियापद कुणाची पायरी सांगत नाही. मराठीत ‘जन्मला’ लिहिलं की एक बाजू, ‘जन्मले’ लिहिलं की दुसरी. ‘तो’ आणि ‘ते’ यांच्या मध्ये उभं राहायला जागाच नाही. मराठी विकिपीडियाचे जुने लेख चाळले तर यातून पडलेला पायंडा स्पष्ट दिसतो. क्रिकेट खेळणारा ‘हा’ भारताकडून खेळलेला खेळाडू आहे, सिनेमात काम करणारी ‘ही’ अभिनेत्री आहे, आणि निवडून आलेले ‘हे’ राजकारणी आहेत. कुणी ठरवून केलेलं नाही. घरात, शाळेत, वर्तमानपत्रात ज्याला जसं म्हणत आलो तसं बोटांतून उतरलं. खेळाडू आपल्या घरचा आणि आमदार परका, म्हणून एकाला एकवचन, दुसऱ्याला अनेकवचन, असं म्हणून सोडूनही देता येईल. मला ते पटत नाही. कुणाला आदरार्थी अनेकवचन आपोआप मिळतं आणि कुणाला ते भांडून मिळवावं लागतं, हा भाषेइतकाच समाजाचाही हिशेब आहे, आणि तो कोशात जसाच्या तसा उतरला तर कोश तटस्थ राहिला असं म्हणता येणार नाही.

शीर्षकांचंही तेच. नियम सांगतो की उपाधी, पदव्या, आदरार्थी विशेषणं शीर्षकात नकोत. मग लेखाचं नाव नुसतं ‘शिवाजी’ ठेवायचं? महाराष्ट्रात हा प्रश्न विचारणं धाडसाचं आहे. गेल्या काही वर्षांत तर ते जास्तच झालं: मुंबईच्या रेल्वे स्थानकाच्या नावात ‘महाराज’ २०१७ मध्ये आलं, विमानतळाच्या नावात २०१८ मध्ये, आणि शिवाजी पार्कच्या नावात २०२० मध्ये. मराठी विकिपीडियावर लेख ‘शिवाजी महाराज’ या नावानं आहे, तसाच ‘बाबासाहेब आंबेडकर’ या नावानंही. त्याला आधार दिला गेला तो दुसऱ्या नियमाचा: ज्या नावानं लोक सर्वसाधारणपणे ओळखतात, ते नाव. माझ्या मते ही पळवाट नाही, नियम नीट वाचण्याचं फळ आहे. मराठी माणूस ज्या नावानं शोधणार नाही त्या नावावर मराठी कोशातला लेख ठेवणं, हेच मुद्दाम केल्यासारखं दिसलं असतं.

लेखाच्या पोटात मात्र ही सवलत चालत नाही, आणि खरं कौशल्य तिथे लागतं. बाबासाहेबांचं ६ डिसेंबर १९५६ ला ‘निधन’ झालं की ‘महापरिनिर्वाण’? एक शब्द कोरडा वाटतो, दुसरा श्रद्धेचा आहे. यावर जो तोडगा आहे तो मला विकिपीडियाच्या रीतीचा उत्तम नमुना वाटतो: त्या दिवशी निधन झालं असं लिहायचं, आणि लगेच पुढे, अनुयायी हा दिवस महापरिनिर्वाण दिन म्हणून पाळतात, असं. श्रद्धा गाळली नाही. ती कुणाची आहे ते सांगितलं. याउलट ‘गांधीवध’ आणि ‘गांधीहत्या’. मराठीत वध होतो तो राक्षसाचा, कंसाचा, जरासंधाचा. तिथे दोन्ही शब्द देऊन मोकळं होता येत नाही, कारण एका शब्दातच निकाल भरलेला आहे. ‘वध’ लिहिणाऱ्यांना एक गोष्ट दाखवण्यासारखी आहे: नथुरामचे भाऊ गोपाळ गोडसे यांनी स्वतःच्या पुस्तकाच्या नावात शब्द वापरला तो ‘हत्या’ हाच.

२०११ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विद्यापीठात भारतातल्या विकिपीडिया संपादकांची परिषद भरली. जिमी वेल्स आले होते. आत सभागृहात कोश कसा वाढवायचा यावर भाषणं, आणि बाहेर भारताच्या नकाशावरून निदर्शनं. काश्मीर विकिपीडियावर ज्या रीतीनं दाखवलं जात होतं त्याला निदर्शकांचा आक्षेप होता. आतल्या स्वयंसेवकांपैकी बहुतेकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल की आपल्या या फावल्या वेळच्या उद्योगाकडे बाहेर कुणी इतक्या गांभीर्यानं बघतं. पुढच्याच वर्षी इंग्रजी विकिपीडियानं एक वेगळाच निर्णय घेतला: भारताशी संबंधित लेखांच्या सुरुवातीला भारतीय लिप्यांतली नावं द्यायचीच नाहीत. कारण साधं होतं. एखाद्या व्यक्तीचं नाव देवनागरीत लिहिलं की कुणी येऊन कन्नडमध्ये घाली, तिसरा उर्दूत, चौथा आधीच्या दोन्ही खोडी. भांडण मिटेना तेव्हा सगळ्याच लिप्या बाहेर काढल्या. आंबोलीचं नाव तिच्या इंग्रजी लेखाच्या पहिल्या ओळीत देवनागरीत असावं ही इच्छा यात बसत नाही. मला हा निर्णय आळशीपणाचा वाटतो. तंटा होतो म्हणून माहिती काढून टाकायची, ही तटस्थता कसली? पण तिथे रोज हे निस्तरणाऱ्यांची दमछाकही समजते.

आता त्या रस्त्यांकडे. बेळगावचं नाव कर्नाटक सरकारनं १ नोव्हेंबर २०१४ ला अधिकृतपणे बेळगावी केलं. आंबोलीच्या बाजारात आजही कुणी बेळगावी म्हणत नाही. भाजी, कापड, दवाखाना, सगळं ‘बेळगावला’. मराठी कोशात बेळगाव हेच शीर्षक असावं यात वाद फारसा नाही. वाद पुढच्या वाक्यात सुरू होतो. हे शहर ‘कर्नाटकातील’ आहे, की ‘महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यातील वादग्रस्त’ आहे, की ‘कर्नाटकव्याप्त’? हा शेवटचा शब्द जानेवारी २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी वापरला आणि बघता बघता मराठी बातम्यांत रुळला. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कोशानं काय करावं? शहराचा कारभार कर्नाटक चालवतं, ही वस्तुस्थिती. महाराष्ट्राचा त्यावर दावा आहे, हीसुद्धा वस्तुस्थिती. ‘व्याप्त’ हे महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांचं म्हणणं, त्यांच्या नावावर टाकून देता येईल. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे थंड वाटेल, आणि त्याचा राग खोटा नाही. पण उद्या कन्नड विकिपीडियावर हेच लेखन उलट शब्दांत झालं, तर आपण कुठल्या तोंडानं आक्षेप घेणार?

गोव्याचं उदाहरण तर याच पेचाचा आरसा आहे. १९ डिसेंबर १९६१ ला जे झालं त्याला आपण मुक्ती म्हणतो. इंग्रजी विकिपीडियावरच्या लेखाचं शीर्षक मात्र भारतानं गोवा ताब्यात घेतला अशा अर्थाचं आहे, आणि ‘मुक्ती’ हा शब्द पर्यायी नाव म्हणून आत येतो. १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला ज्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, ते बांद्याच्या बाजूनंच हद्दीत शिरले होते. त्या पट्ट्यात ज्याच्या घरातलं कुणी त्या सत्याग्रहात होतं त्याला ‘ताब्यात घेतला’ वाचून काय वाटेल ते सांगायला नको. इथेही मला वाटतं की इंग्रजी लेखाच्या शीर्षकात आंतरराष्ट्रीय कायद्याची पोथी जास्त आणि माणसं कमी आहेत. पण हे माझं मत. शीर्षक बदलायचं तर चर्चा पानावर पुस्तकं घेऊन जावं लागेल.

मालवणीचा वाद त्याहून जुना आणि त्याहून गोड. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात कोकणीचीच गणना मराठीच्या बोलींत होती. पुढे साहित्य अकादमीनं कोकणीला १९७५ मध्ये स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली. मग मालवणी कुठे गेली? गोव्यातला अभ्यासक तिला कोकणीत धरतो, मराठीचा अभ्यासक मराठीत. आणि कोकणी विकिपीडियाला स्वतःचा वेगळाच घोर: देवनागरी, रोमी की कन्नड लिपी? अनेक वर्षं तो पाळण्यातच राहिला. २०१५ मध्ये स्वतंत्र झाला. सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर मालवणी बोलणाऱ्याला या सगळ्याची गंधवार्ता नसते. त्याला विचारलंत तर तो ‘आमची मालवणी’ एवढंच सांगेल, आणि त्याचं हे म्हणणं कुठल्याच कोशाला अजून नीट नोंदवता आलेलं नाही.

आता आंबोली. ‘महाराष्ट्राची चेरापुंजी’, ‘निसर्गाचं नंदनवन’, ‘पर्यटकांचं आवडतं थंड हवेचं ठिकाण’: गावाविषयी लिहिताना हे शब्द आपोआप येतात. कोशात यांतला एकही टिकत नाही, किंवा टिकू नये. नंदनवन कुणाला वाटतं? पावसाळ्यात धबधब्यापाशी शनिवार-रविवारी गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात अडकलेल्या आंबोलीकराला तरी वाटत नसावं. ‘चेरापुंजी’ ठेवायचं असेल तर असं कोण म्हणतं ते सांगावं लागतं. आणि मग पावसाचा आकडा. साडेसात हजार मिलिमीटर, तीनशे इंच, कधी त्याहून जास्त, कधी कमी. प्रत्येक माहितीपत्रकात वेगळा, आणि बहुतेकांत तो सरासरी आहे की एका वर्षाचा विक्रम, कुणी कुठे मोजला, याचा पत्ता नाही. ‘संदर्भ हवा’ ही खूण लावायला आंबोलीच्या पावसाइतकी योग्य जागा दुसरी सापडणार नाही.

एका माशाची गोष्ट जरा जवळून बघण्यासारखी आहे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी, मंदिरापुढच्या कुंडात, एक लहानसा मासा आहे. २०२० मध्ये तो विज्ञानाला नवा असल्याचं जाहीर झालं, नाव ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. शोधनिबंध तिघांचा: जयसिम्हन प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमणियन. त्या वेळी तेजस यांचे वडील राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यामुळे मराठी बातम्यांचे मथळे एकाच नावाचे झाले. प्रवीणराज यांचं नाव, ते निबंधाचे पहिले लेखक असूनही, मागे पडलं. पुढे २०२१ मध्ये शासनानं त्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला, आणि आदेशात या माशाला ‘देवाचा मासा’ असंही म्हटलं.

आता या माशाचा लेख लिहा. बातम्यांवर विसंबलात तर ‘मुख्यमंत्रीपुत्रानं शोधलेला मासा’ हे पहिलं वाक्य होईल. ठाकरेविरोधक आला तर नाव खोडेल किंवा वारसा स्थळाचा दर्जा कसा मिळाला यावर एक टोमणा मारेल. समर्थक आला तर ‘प्रसिद्ध निसर्गसंशोधक’ असं विशेषण चिकटवेल. आणि दोघेही मासा विसरतील. नियम पाळणारा संपादक इथे तीन कामं करतो. निबंध उघडून तिन्ही नावं त्याच क्रमानं देतो. वडिलांचं पद माशाच्या लेखातून काढतो, कारण त्याचा माशाशी संबंध नाही. तेजस यांच्यावर लेख असेल तर तिथे ते जाईल. आणि ‘देवाचा मासा’ हे नाव ठेवतो, शासनाच्या आदेशाचा आधार देऊन. एवढं केलं की जे उरतं ते रूक्ष दिसतं, पण त्यात एकही शब्द असा नसतो जो कुणाच्या बाजूनं ढकललेला आहे. मला विचाराल तर हा मासा म्हणजे तटस्थ लेखनाचा सगळा अभ्यासक्रम आहे.

आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांचा जमिनीचा प्रश्न याहून अवघड. सावंतवाडी संस्थानाच्या काळापासून चालत आलेल्या कबुलायतदार गावकर पद्धतीतली ही जमीन. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांचं म्हणणं, ती गावाची. सातबाऱ्यावर नाव लागलं महाराष्ट्र शासनाचं. मग एखाद्यानं तिथे घर बांधलं तर ते ‘अतिक्रमण’ की ‘वहिवाट’? सरकारी कागद एक शब्द देतो, गावकरी दुसरा. आणि इथे विकिपीडियाची रीत लंगडी पडते, हे मान्य केलंच पाहिजे. तिला प्रसिद्ध झालेला आधार लागतो, आणि तसा आधार सरकारपाशी जास्त, गावकऱ्यापाशी कमी. त्याचं म्हणणं आंदोलनाच्या बातमीतून, निवेदनातून, तेही तालुका पानावर छापून आलं तर. तटस्थतेचा तराजू नीट असला तरी दोन्ही पारड्यांत घालायला वजनं सारखी उपलब्ध नसतात.

जिल्ह्यातलंच आणखी एक उदाहरण. मालवणच्या राजकोटला शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालं आणि तो २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता असं तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे म्हणाले. विरोधकांनी भ्रष्टाचार म्हटलं. त्या दिवसांत ज्यानं कोशात ‘वाऱ्यामुळे कोसळला’ असं लिहिलं त्यानं सरकारची बाजू घेतली, ज्यानं ‘भ्रष्टाचारामुळे’ लिहिलं त्यानं विरोधकांची. ‘कोसळला’ एवढंच लिहून पुढे कोण काय म्हणालं ते देणारा दोघांच्याही शिव्या खातो.

शिव्यांपर्यंत ठीक होतं. २०२४ मध्ये गोष्ट न्यायालयात गेली. एएनआय या वृत्तसंस्थेनं जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयात, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनवर दावा लावला. तिच्याविषयीच्या लेखात, ती केंद्र सरकारचं प्रचारयंत्र असल्याचा तिच्यावर आरोप झाला आहे, अशा अर्थाचं वाक्य होतं. म्हणजे पुन्हा तीच रीत: कोश स्वतः म्हणत नाही, कुणी म्हटलं आहे ते सांगतो. वृत्तसंस्थेचं म्हणणं, अशी आडून केलेली बदनामीही बदनामीच. यात तथ्य नाही असं नाही. ‘असा आरोप आहे’ या आडोशानं मराठी वर्तमानपत्रांनीही बरंच काही खपवलेलं आहे. पण पुढे वाद लेखावरून संपादकांवर आला: ते कोण, त्यांची नावं द्या. शेवटी ओळख उघड न करता समन्स पोचवायचं, यावर तडजोड झाली. मधल्या काळात त्या खटल्यावरचाच लेख न्यायालयाच्या आदेशानं उतरवावा लागला. ९ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुइयाँ यांच्या खंडपीठानं तो आदेश रद्द केला. न्यायालयांवरही चर्चा होऊ शकते, हा त्याचा गाभा.

आणि याच्या मध्ये, फेब्रुवारी २०२५. १४ तारखेला ‘छावा’ प्रदर्शित झाला. लोक चित्रपटगृहातून डोळे पुसत बाहेर पडले आणि फोनवर संभाजी महाराजांचं नाव शोधलं. इंग्रजी लेखात त्यांच्या वागणुकीविषयी काही इतिहासकारांची प्रतिकूल मतं होती. संताप उसळला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सायबर पोलिसांना विकिपीडियाशी संपर्क साधून मजकूर काढायला सांगण्याचे आदेश दिले. महाराष्ट्र सायबरनं नोटीस पाठवली आणि किमान चार संपादकांवर गुन्हा नोंदवला.

हा संताप कुठून आला ते मला कळतं. संभाजी महाराजांची व्यसनी, उतावळी प्रतिमा बखरींनी आणि नाटकांनी रंगवली, आणि ती पुसायला वा. सी. बेंद्रे यांना १९६० साली जाडजूड चरित्र लिहावं लागलं. दशकभरानं कमल गोखले यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ आलं. दोघांनीही काय केलं? जुनं लिहिलेलं जाळलं नाही. कागद तपासले, बखरकार कुणाचा माणूस होता ते दाखवलं, आणि त्याचं वजन उतरवलं. विकिपीडियाच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी संदर्भ दिले. इंग्रजी लेखात बेंद्रे आणि गोखले यांना पुरेशी जागा नसेल, तर तो दोष खराच, आणि दुरुस्त करायचा मार्ग मराठी वाचकाच्या कपाटात होता. ती पुस्तकं घेऊन चर्चा पानावर जाणारी माणसं पोलीस ठाण्यात जाणाऱ्यांपेक्षा किती कमी निघाली! गुन्हा नोंदवून लेख सुधारत नाही. घाबरून जातो तो जाणकार संपादक. खोडसाळ माणूस दुसऱ्या नावानं परत येतो.

बावीस वर्षांत मराठी विकिपीडिया लाखाच्या घरात लेखांपर्यंत पोचला. राज्य मराठी विकास संस्थेनं महाविद्यालयांतून कार्यशाळा घेतल्या, मराठी भाषा गौरव दिनाच्या, म्हणजे २७ फेब्रुवारीच्या आसपास दर वर्षी नवी खाती उघडली जातात, त्यांतली बरीच मार्चपर्यंत निजतात. भांडण झालेल्या लेखांत संदर्भही साचत गेले. कारण प्रत्येक शब्दासाठी कुणीतरी कुणाकडून तरी आधार मागितला. ज्या गावांवर कुणीच भांडलं नाही अशा हजारो गावांच्या पानांवर हवामानाचा तोच साच्यातला मजकूर, तेच रिकामे मथळे. माझा निकाल विचाराल तर मराठी कोशाचं नुकसान तंट्यांनी केलेलं नाही, सामसुमीनं केलं आहे, आणि पोलिसांच्या नोटिशीनं ती वाढलीच असणार.

तेव्हा आंबोली, चौकुळ, गेळे आणि खालच्या दाणोलीपर्यंतच्या वाचकांना एक विनंती. आपापल्या गावाचं पान उघडा. खातं काढायला पैसे पडत नाहीत, संपादन फोनवरूनही होतं, आणि हात बसेपर्यंत सराव करायला धूळपाटी आहे. जमिनीच्या प्रश्नावर गावाचं म्हणणं छापून आलेलं असेल तर ते कात्रण शोधून त्याचा दिनांक द्या. पावसाचा आकडा बदललात, तर तो कुठल्या वर्षाचा आणि कुणी मोजलेला, तेवढं शेजारी लिहायला विसरू नका.